मगरीच्या हॉटेलातला निवलेला भात

या, जरा जवळ सरका. लांब उभं राहून माणसाशी बोलतात होय? आणि आधी माझी बोलणी खा, मग पुढचं ऐका. किती वर्षं कराडशेजारच्या आमच्या मलकापुरातनं जाता-येता, आमची पाटी बघता, मागच्या सीटवरनं पोरं "मगर, मगर" म्हणून ओरडतात, आणि तुम्ही गाडी तशीच पुढं हाणता! वर घरी जाऊन म्हणता, "चायनीज म्हंजे काय जेवण हाय व्हय? भाकरी खाल्ल्याबिगर पोट भरत न्हाई." मला सगळं कळतं. गल्ल्यावर बसून मी आयुष्यभर माणसं बघितलीत. जो असं म्हणतो ना, तोच शेवटी पोरांच्या ताटातली मंच्युरियनची गोळी हळूच उचलतो आणि तोंड पुसत विचारतो, "ह्यात गरम मसाला नसतो का वो?"

तर मगरीचं आधी सांगते, नाहीतर तुमचं निम्मं ध्यान तिकडंच राहील. पाटी रंगवणारा सांगलीचा होता. आमच्या फौजींनी त्याला सांगितलं, दारावर झोकात ड्रॅगन काढ. फौजी म्हणजे आमचे मालक. पलटणीतनं पेन्शनीवर आले तेव्हापासून सगळा गाव त्यांना फौजीच म्हणतो, आता मीसुद्धा म्हणते. तर त्या पेंटरनं ड्रॅगन कुठं बघितलेला? कृष्णेच्या काठाला त्यानं जे बघितलं होतं, तेच हिरवंगार काढलं आणि तोंडातनं जाळ सोडला. फौजी चिडले, पण रंग वाळला होता. पाटीवर नाव दुसरंच आहे. ते आजतागायत कुणी वाचलेलं नाही. सगळे मगरीचं हॉटेलच म्हणतात.

फौजी पूर्वेकडच्या डोंगरात होते तेव्हा तिथल्या एका खानावळीत हे शिकले. सुट्टी मिळाली की बाकीचे जवान बाजारात फिरायचे, आमचे हे त्या खानावळीच्या मागच्या दारात उभे राहून कढई बघायचे. गावी आल्यावर ऊस धाकट्या भावाच्या हवाली केला आणि रस्त्याकडच्या गाळ्यात भट्टी लावली. हाताखाली त्याच डोंगरातला दावा नावाचा कारागीर आणला. दावा अबोल, पण हात असा, की कढईतला भात हवेत जायचा आणि एक शीत खाली पडायचं नाही.

आता ह्या धंद्यातलं तुम्हाला साधं करून सांगते. घरात आपण आच मंद करतो, वर झाकण ठेवतो आणि दुसऱ्या कामाला लागतो. चायनीजचं सगळं उलटं. तयारी दिवसभर चालते: कोबी, गाजर, ढोबळी मिरची, कांद्याची पात, लसणाचा तर ढीग. पण शिजवायचं ते भडकलेल्या जाळावर, क्षणात. भाजी कच्चीही राहता कामा नये आणि मऊही पडता कामा नये, दाताखाली कुरकुरली पाहिजे. झाकण नाही, पाणी नाही, आणि हात थांबला की करपलं.

आमच्याकडं कढया दोन. एक मटण-कोंबडीची, एक निव्वळ शाकाहारी. दुसरीच्या दांड्याला फौजींनी तांब्याची तार गुंडाळून ठेवली होती, म्हणजे घाईतसुद्धा हाताला कळावं. ही तार आली आबांमुळं. आबा मूळचे रहिमतपूरचे, मुलाकडं मलकापुरात राहायला आलेले, गळ्यात माळ. पहिल्यांदा आले तेव्हा टेबलावर न बसता सरळ आत भट्टीपाशी गेले, पळी उचलून तिचा वास घेतला आणि म्हणाले, "फौजी, तुजी जबान पुरे हाय मला. पर कढईला जबान नसती. तिला कायतरी खूण कर." दुसऱ्या दिवशी तार आली. तेव्हापासून दर शनिवारी आबांची व्हेज फ्राइड राइसची प्लेट ठरलेली. सोबत ते खिशातनं पुडी काढायचे, घरची शेंगदाण्याची चटणी. चिनी माणसानं बघितलं असतं तर काय म्हणाला असता देव जाणे, पण आबा म्हणायचे, "ह्येच्याबिगर भात पोरका लागतो."

असली गिऱ्हाइकं लय. एक साखर कारखान्यातले साहेब मंच्युरियनच्या रश्श्याबरोबर चपाती मागायचे. आता आमच्याकडं चपाती कुठली? मग ते येताना डब्यात घेऊन यायचे. एक बाई सूप आलं की म्हणायच्या, "घट्ट का केलंय? आमटीसारखं करा की, पोरांना पुरंल." आम्ही कुणाला नाही म्हणालो नाही. माणूस पैसे देऊन आपल्या दारात बसलंय, त्याला चवीचे धडे कशाला द्यायचे?

बाहेरची बाजू माझी, आतली त्यांची. गल्ला, टेबलं, भाजी निवडणं, पोरांचे रुसवे काढणं हे माझं. भट्टीवर बाईनं उभं राहायचं नाही असा कुणी नियम केला नव्हता, पण तो होता. मीही कधी विचारलं नाही. त्याची चुटपुट मला अजून आहे.

मग एका सकाळी फौजींचा उजवा हात चहाच्या कपापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. अर्धांगाचा झटका. दवाखान्यातनं घरी आले, बोलणं सुधारलं, पाय घासत चालायला लागले, पण हात आला नाही. तरी रोज संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून हॉटेलात यायचे आणि भट्टीच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचे. "दावा, लसूण जल गया!" असं ओरडायला मिळालं की त्यांच्या तोंडावर रंग यायचा. घरात असले की भिंतीकडं तोंड करून पडायचे. मी तेव्हाच ओळखलं, ह्या माणसाचं औषध गोळ्यांच्या डब्यात नाही, त्या खुर्चीत आहे.

आणि नेमका त्याच वर्षी पाडव्याच्या तोंडावर दावा निघाला. त्याचे वडील गेले, घरी म्हातारी आई एकटी. जाताना माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "दीदी, वापस नहीं आऊँगा, झूठ क्यों बोलूँ." खरं बोलला, त्याचंच बरं वाटलं.

भट्टी थंड पडली. चारच दिवस गेले असतील, धाकटे दीर आले. आमचे भाऊजी वाईट माणूस नव्हे हो, भावाच्या आजारपणात रात्रंदिवस उभे राहिले होते. पण त्यांचा जीव हिशोबी. चहा पिता पिता म्हणाले, "वैनी, गाळा भाड्यानं देऊया. मेडिकलवाला हाय एक, अक्षय तृतीयेला दुकान उघडायचं म्हणतोय. दादाबी घरात निवांत पडतील."

"निवांत न्हाई, भाऊजी. नुसतं पडतील," मी म्हटलं.

"मग भट्टी कोण चालवणार? दुसरा कारागीर मिळतोय का ह्या दिवसांत?"

"मी चालवीन."

भाऊजींनी कप खाली ठेवला. "तुमी? वैनी, ती काय पुरणाची कढई हाय व्हय? जाळ अंगावर येतो."

"चुलीपुढं जन्म गेला माझा. जाळ मला नवा न्हाई."

फौजी भिंतीकडं तोंड करून पडले होते. ते वळले. तेवढं मला बास होतं. भाऊजी म्हणाले, "बरं. बघा करून. पर मी त्याला एकदा गाळा दाखवून आणणार." मी म्हटलं, आणा.

सरावाच्या पहिल्या दिवशी मी काय केलं असेल? जे कोणतीही आपल्याकडची बाई करील तेच. जाळ मोठा झाला की हात आपोआप बटणाकडं जायचा, बारीक करायला. कोबी घातला की डोळे झाकण शोधायचे. एकदा तर मी नूडल्सवर शेंगदाण्याचा कूट भुरभुरला, आणि मागं खुर्चीवरनं फौजी असे ओरडले, जणू मी बंदूक उलटी धरली होती. "हौसा! भरलं वांगं करतीयास व्हय?"

पण खरं घोडं अडलं भातावर.

फ्राइड राइसला भात गार लागतो, मोकळा. गरम भात कढईत घातला की तो वाफ सोडतो, एकमेकाला चिकटतो आणि गोळा होतो. दावा त्यासाठी आदल्या दिवशीचा भात फ्रिजमध्ये ठेवायचा. सगळी चायनीजवाली तसंच करतात. मला ते माहीत होतं, आणि इतकी वर्षं मी तिकडं बघायचं टाळलं होतं. पण आता हात माझा होता. दारात आलेल्या माणसाला, पोराबाळांना, मी माझ्या हातानं शिळा भात वाढायचा? आमच्याकडं शिळा भात सकाळी फोडणी देऊन घरची माणसं खातात. पाहुण्यापुढं तो ठेवला तर आई वरनं खाली येऊन माझ्या कानफटात देईल.

फौजी समजावून दमले. "अगं, त्यो शिळा न्हवं, तयार केलेला हाय."

"तुमच्या पलटणीत तयार केलेला असंल. माझ्यात त्यो शिळाच."

"मग गोळा हुईल."

"हुंदे."

आणि झाला की हो! हॉटेल परत उघडलं तो शनिवार होता. आबा आपल्या टेबलावर. शेजारी आटपाडीकडचं एक कुटुंब, दवाखान्याच्या कामानं कराडला आलेलं. मी ताज्या, वाफाळत्या भाताचा फ्राइड राइस केला आणि ऐटीत स्वतः बाहेर नेला. आटपाडीच्या पोरीनं एक घास घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आई, ही आजीची खिचडी हाय की!" तिची आई लाजेनं अर्धमेली. आबांनी चटणीची पुडी सोडली, दोन घास खाल्ले आणि हात जोडून उठले. "आज भूक न्हाई, पोरी." आबांनी प्लेट टाकलेली मी कधी बघितली नव्हती. ती मी स्वतः उचलून आत नेली.

त्या रविवारी हॉटेल बंद ठेवून मी मागच्या अंगणात बसले होते. वाळवणाचे दिवस. शेजारच्या शालननं बाजेवर धोतर पसरून त्यावर कुरडया घातल्या होत्या. मी सांडग्यांवरची कोंबडी हाकलत होते आणि बघता बघता माझंच मला हसू आलं. इतकी वर्षं आपण काय करतो? ओलं घालतो, वारं देतो, सुटं झालं की उचलतो. भाताला तेवढंच तर पाहिजे! त्याला रात्र कशाला लागते? वारं लागतं.

सोमवारी सकाळी मी भात जरा दाताला लागेल असा शिजवला, वेळून पेज काढली, हॉटेलातलं मोठं टेबल धुऊन त्यावर स्वच्छ धोतर अंथरलं आणि भात पातळ पसरला. वरनं पंखा. माश्या बसू नयेत म्हणून पातळ मलमल. शालन डोकावली, "काय गं, भाताच्या कुरडया घालतीस व्हय?" दुपारपर्यंत शीत न् शीत मोकळं. मग डब्यात भरून फ्रिजमध्ये. संध्याकाळी फौजींनी डाव्या हाताच्या चिमटीत एक शीत धरलं, दाबलं, सोडलं. परत दाबलं.

"आजचाच हाय?"

"आजचाच. सकाळचा. निवलेला हाय, शिळा न्हाई."

फौजींनी शीत तोंडात टाकलं आणि म्हणाले, "आता हात शिक."

हात म्हणजे कढई उडवणं. मला वाटलं, त्यात काय, आपण सुपात धान्य पाखडतोच की. मागच्या अंगणात रिकाम्या कढईत हरभरे घेऊन सुरू केलं. निम्मी सवय कामाला आली, निम्मी आडवी आली. सुपाला दोन हात लागतात आणि फोल पुढं उडून जायचं असतं. इथं हात एक, आणि पुढं गेलेलं सगळं परत माघारी आलं पाहिजे. पहिले हरभरे सगळे माझ्या पदरात. शालनच्या कोंबड्या तर कढईचा आवाज आला की पळत यायच्या. मनगट सुजलं. हळद-मीठ लावायचं आणि परत उभं राहायचं. फौजी खुर्चीवरनं, "ढकल, वढ. ढकल, वढ. उचलू नगंस!" कवायत घेतल्यासारखं. मी एकदा कढई आपटून म्हणाले, "आवं, मी रंगरूट न्हाई तुमची!" तर म्हणतात, "रंगरूट बरं असतं. उलटं बोलत न्हाई."

भात सुधारला, हात बसत आला, पण आबा दोन शनिवार फिरकले नाहीत. मग एका दुपारी अचानक आले. टेकले, घाम पुसला.

"पोरी, नातीला बघायला सांगलीकडची माणसं येणार हायती. ती म्हणती, पोह्याचा ट्रे घिऊन मी कुणाफुडं यायची न्हाई, हाटेलात भेटू, सगळे सारखे बसू. मी आधीच जबान दिऊन बसलो, मगरीच्या हाटेलात या म्हणून. आमी माळकरी, ती मटण खाणारी. आता खरं बोल. जमणार नसंल तर राग न्हाई, दुसरीकडं नेतो. नातीच्या जल्माची गोष्ट हाय."

फौजींनी माझ्याकडं बघितलं. मी फौजींकडं बघितलं नाही.

"जमंल, आबा."

त्या संध्याकाळी दोन्ही घरची माणसं आली आणि सगळी टेबलं भरली. ती नात आणि तो मुलगा समोरासमोर, बाकीचे मेनूकार्डात तोंड खुपसून एकमेकांकडं बघणारे. आत दोन्ही कढया एकदम भट्टीवर. मदतीला आलेली शालन भाज्या देतेय, मी तारेची कढई डावीकडं, दुसरी उजवीकडं, पळ्या वेगळ्या, हात फडक्याला पुसून मगच बदलायचा. आणि त्याच वेळी भाऊजी मेडिकलवाल्याला घेऊन दारात! त्याच्या हातात भिंत मोजायची टेप. बसायला जागा नाही, मोजायला भिंत मोकळी नाही.

इतक्यात तेलात पाण्याचा थेंब गेला आणि जाळ भसकन वर आला. भुवई जळाल्याचा वास मला आधी आला, चटका नंतर. पाय आपसूक मागं गेला.

"हौसा!" फौजी खुर्चीतनं अर्धे उठले होते, डाव्या हातानं चौकट धरून. "पीछे मत हट! कढई वढ!"

मी पाय पुढं टाकला. ढकल, वढ. भात वर गेला, सगळा, एखाद्या थव्यासारखा, आणि सगळा परत आला. एक शीत खाली नाही. तो आवाज, भात लोखंडावर पडल्याचा कोरडा सळसळ आवाज, मी दावाच्या हातचा ऐकला होता. माझ्या हातचा पहिल्यांदा.

"प्लेटा कोण नेणार?" शालन ओरडली. दोघींचेही हात गुंतलेले. मी दाराकडं बघून म्हटलं, "भाऊजी, उभं काय राहिलाय? तारेच्या कढईतलं आबांच्या बाजूला, दुसरं सांगलीवाल्यांना. चुकू नका, नातीच्या जल्माची गोष्ट हाय."

आमचे भाऊजी, पांढऱ्या शर्टातले, सोसायटीच्या मीटिंगला जाणारे, मुकाट्यानं प्लेटा न्यायला लागले. येऊन सांगायला लागले, "वैनी, आबांनी पुडी सोडली. … वैनी, आबा खातायत. … वैनी, आबांनी आणि एक प्लेट मागितलीया." ह्या तिसऱ्या निरोपाला मला पदरानं डोळे पुसावे लागले. लसणाचा धूर असतोच म्हणा.

मेडिकलवाला बिचारा उभा राहून राहून भुकेजला. शेवटी आबांनीच सरकून त्याला जागा दिली. त्यानं टेप खिशात घातली आणि दोन वाट्या सूप प्यायला. भाऊजी आत आले, शर्टावर सोया सॉसचा डाग.

"वैनी, त्येला काय सांगू?"

मी काही बोलायच्या आधी फौजी म्हणाले, "सांग, गाळा रिकामा न्हाई."

तुम्ही विचाराल, लग्न जमलं का? नाही जमलं. मुलगा-मुलगी दोघंही नको म्हणाली, हसत हसत. पण ती सांगलीची मंडळी अजून कराडला आली की आमच्याकडं जेवून जातात, आणि आबांची चौकशी करून जातात. भाऊजींनी दर रविवारी प्लेटा न्यायचं काम स्वतःहून धरलंय, आता रंगीत शर्ट घालून येतात. मेडिकल पलीकडच्या चौकात निघालं. फौजींच्या गोळ्या तिथनंच येतात.

फौजींचा हात काही आला नाही. कढई त्यांनी परत उचलली नाही, ह्याचं दुःख त्यांना किती आहे ते ते सांगत नाहीत आणि मी विचारत नाही. पण रोज संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून येतात, डाव्या हाताच्या चिमटीत एक शीत दाबून बघतात, आणि त्यांनी मान हलवल्याशिवाय मी भट्टी पेटवत नाही. दावाला मी फोनवर माझा भात उडवतानाचा व्हिडिओ पाठवला होता. त्याचं उत्तर आलं, "दीदी, आग और तेज." शाबास म्हणायचं राहिलंच! त्यानं एकदा येऊन जेवावं एवढी इच्छा आहे. त्याची आई आता बरी आहे म्हणे.

आणि तुम्ही? तुम्हाला तर डोंगर ओलांडायचा नाही. कराडकडनं या नाहीतर कोल्हापूरकडनं, हिरवी मगर दिसली की गाडी वळवा. भाकरी पाहिजे असेल तर डब्यात आणा, मी काही म्हणणार नाही. चटणीची पुडी आबा देतील. रोज सकाळी धोतरावर भात पसरताना मी एक ओंजळ येणाऱ्या माणसाच्या नावानं जास्तच पसरते. आजची तुमच्या नावाची आहे, पंख्याखाली निवतेय. संध्याकाळपर्यंत या. तिचा शिळा भात करायला लावू नका मला.